एक्केचाळीस पानं क्यूबाची

त्या कागदांवर ‘टॉप सीक्रेट’ असा शिक्का होता आणि शिक्क्यावर एक आडवी रेघ होती. रेघेचा अर्थ, हे आता गुपित राहिलेलं नाही. मूळ कागदावर ती शाईची ठळक रेघ असणार, पण स्कॅन करून आणि पुन्हा छापून ती इतकी फिकी झाली होती की केस पडल्यासारखी दिसायची. शिक्का मात्र जसाच्या तसा काळा होता.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. सौदीतल्या खोबरमध्ये बारावीपर्यंत इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे कॉलेज नव्हतं म्हणून भारतातल्या एका मुक्त विद्यापीठातून घरी बसून इतिहासाची बीए करत होते. परीक्षेचं सेंटर दम्माममध्ये होतं. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असायचा, मूळ कागदपत्रं वाचून लिहायचा. दिलेल्या विषयांच्या यादीतून मी अमेरिकेच्या एका अध्यक्षाने शेजारच्या क्यूबाशी केलेला छुपा व्यवहार निवडला. दोन्ही देशांमध्ये नव्वद मैलांचं पाणी, वरवर बोलणं बंद, आणि आतून मध्यस्थांमार्फत निरोप चालू. हे सगळे कागद अमेरिकेच्या अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवले होते. कोण कोणाला भेटलं, अध्यक्षांना काय सांगितलं, त्यांनी समासात काय खरडलं. मध्येच अख्खे परिच्छेद काळ्या पट्टीखाली झाकलेले. काही ठिकाणी पानच नव्हतं, त्याच्या जागी एक चिठ्ठी होती की इथून अमुक पानांचा कागद काढून घेतला आहे.

ती चिठ्ठी मी अब्बांना दाखवली तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

“बघ, काढलं तरी काय काढलं ते लिहून ठेवलंय,” ते म्हणाले. “याला म्हणतात काम.”

अब्बांना हे आवडणारच होतं. ते धाहरानमध्ये एका कंत्राटदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये होते. कंपाउंडच्या आत ऑफिस, गेटवर पास, आणि दिवसभर नकाशे आणि कागद. कुठला नकाशा कितव्या सुधारणेचा, जुना रद्द केला का, कोणाकडे गेला, हे सगळं त्यांच्याकडे. कुठलाही कागद त्यांच्या खोलीतून बाहेर जायचा तो ट्रान्समिटल लावूनच. म्हणजे वर एक छापील पान, त्यावर कोणाकडून, कोणाला, किती पानं, कशासाठी, आणि एक क्रमांक. तोच क्रमांक हाताने रजिस्टरमध्ये. बावीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्याकडून घरीसुद्धा दुसरं काही होत नसे. माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकालाही डाव्या बाजूला भोकं पाडलेली आहेत आणि कोपऱ्यात क्रमांक आहे.

त्या वर्षी सगळीकडे सौदीकरणाचीच चर्चा होती. किती सौदी माणसं ठेवली त्यावरून कंपन्यांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग मिळाले होते आणि अब्बांची कंपनी पिवळ्यात होती. कारकुनी कामं आधी सौदी माणसांना द्यायची, असं ठरलं होतं. चार महिन्यांपूर्वी अब्बांच्या टेबलाला लागून दुसरं टेबल आलं आणि त्यावर एक नवा सौदी पदवीधर बसायला लागला. त्याला काम शिकवायचं अब्बांनीच. तो त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचा. अम्मी घरात त्याला ‘तुमचा वारस’ म्हणायची.

“आज वारसाने काय शिकलंन?” ती विचारायची.

“रजिस्टर आता त्याच्याच ताब्यात असतं,” अब्बांनी एकदा सांगितलं. “कपाटाची किल्लीपण.”

अम्मीने भाजीची परडी पुढे ओढली. ती लग्नाआधी रत्नागिरीजवळ मराठी शाळेत शिकवायची. मला मराठी लिहायला तिनेच शिकवलं. तिला गप्प बसायचं असलं की ती भाजी निवडायला घ्यायची.

मला त्यांतले निवडलेले एक्केचाळीस कागद हातात घेऊन वाचायचे होते. पडद्यावर समासातली अक्षरं कळत नव्हती. घरचा प्रिंटर बंद पडला होता आणि खालच्या स्टेशनरीच्या दुकानात एकटीने जायची माझी हिंमत नव्हती. मंगळवारी रात्री अब्बांनी माझा पेनड्राइव्ह खिशात टाकला.

“उद्या जेवणाच्या सुट्टीत काढून आणतो. सगळेच काढतात.”

बुधवारी ते वेळेवर परत आले नाहीत.

तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे, त्यामुळे बुधवारी ते लवकरच यायचे. असरची, दुपारनंतरच्या नमाजाची अजान झाली. फोन लागत होता, पण कोणी उचलत नव्हतं. अम्मीने दोनदा चहा उकळला आणि दोनदा गाळला नाही. मी खिडकीशी उभी राहून खाली येणाऱ्या गाड्या बघत होते. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात अपघात वगैरे आलाच नाही. मला वाटलं, कामावरून कमी करायच्या लोकांची यादी लागली.

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या जरा आधी ते आले. बूट न काढता कोचावर बसले. आमच्या घरात असं कोणी करत नाही.

“पास ठेवून घेतला,” ते म्हणाले.

“कोणी?” अम्मीने विचारलं.

“गेटवर. बॅग उघडली.”

त्या महिन्यात गेटवर बॅगा उघडत होते, हे आम्हाला माहीत होतं. जायची पाळी आलेले काही लोक जाताना नकाशे घेऊन जातात, अशी ओरड होती. ज्यांच्या जागी नवी माणसं आली होती त्यांच्याच बॅगा जास्त बघायचे. अब्बांच्या बॅगेत निळं फोल्डर निघालं. आत एक्केचाळीस पानं, प्रत्येकावर ‘टॉप सीक्रेट’. गार्डने ती रेघ पाहिली नाही. अब्बांनी बोट ठेवून दाखवली तेव्हा तो म्हणाला की ही रेघ तूच मारली असशील.

“पण क्यूबा लिहिलंय ना त्यावर,” मी म्हणाले. “कंपनीचा काय संबंध?”

अब्बा माझ्याकडे न बघता बुटाची नाडी सोडायला लागले.

“वर ट्रान्समिटल लावलं होतं,” ते म्हणाले.

मला क्षणभर कळलंच नाही.

“कंपनीचं?”

“माझ्याकडे दुसरं कुठलं असणार, बाय? फोल्डर रिकामं दिसत होतं. सवयीने लावलं.” मग जरा थांबून, “तुझं नाव घातलं. ‘कोणाला’च्या पुढे. ‘अभ्यासासाठी’ असं लिहिलं. सही केली.”

म्हणजे गार्डच्या हातात काय आलं, ते माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. कंपनीच्या नावाचं पान, डॉक्युमेंट कंट्रोलचा क्रमांक, अब्बांची सही, आणि त्याखाली गुपिताचे शिक्के मारलेले एक्केचाळीस कागद, बाहेरच्या एका मुलीच्या नावे.

सुरक्षा ऑफिसच्या साहेबांनी फोल्डर आणि पास दोन्ही कपाटात ठेवून शनिवारी सकाळी यायला सांगितलं होतं. त्यांनी रिपोर्ट वर पाठवला तर नोकरी तिथेच संपणार होती, आणि नोकरी गेली की कफील, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर आम्ही देशात होतो तो मालक, आमचा इकामा, राहण्याचा परवाना, ठेवणार नव्हता. तिघांचंही फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा. माझी परीक्षा अडीच महिन्यांवर होती आणि सेंटर बदलायची मुदत निघून गेली होती. अम्मीने उठून चहा गाळला.

गुरुवारी दुपारी वारस घरी आला.

मी त्याला तोपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही नीट पाहिलं नाही. अब्बांनी त्याला हॉलमध्ये बसवलं आणि मधला पडदा ओढला. अम्मी आणि मी स्वयंपाकघरात. तो इंग्रजीत बोलत होता, हळू, शब्द जुळवत.

“उस्ताद, मला कालच फोन आला. शनिवारी रजिस्टर घेऊन ये म्हणाले.”

“मग घेऊन जा,” अब्बा म्हणाले.

“मी आज सकाळी ऑफिसला गेलो होतो. उघडून बघितलं. तुम्ही तो नंबर रजिस्टरमध्ये लिहिलाय.”

“अर्थात लिहिलाय.”

“क्यूबा, एक्केचाळीस पानं, खासगी, मुलीसाठी. असं लिहिलंय.”

“मग, बरोबर आहे.”

कपबशीचा आवाज झाला. अम्मीने माझा हात धरला होता.

“उस्ताद, ऐका. रजिस्टरचं ते पान हाताने लिहिलेलं आहे. मी त्या ओळीवर ‘रद्द’ लिहितो. ट्रान्समिटल चुकून छापलं, फेकून दिलं. मग ते तुमच्याकडे कसं आलं, तर रद्द झालेलं पान तुम्ही पाठकोरं म्हणून घेतलंत आणि त्यावर मुलीचं नाव घातलंत. एवढंच. कोणी काही विचारणार नाही.”

मला वाटलं, ते हो म्हणतील. मला वाटत होतं, त्यांनी हो म्हणावं.

“पहिल्या आठवड्यात मी तुला काय सांगितलं होतं?” अब्बा म्हणाले.

“लिहिलेली ओळ बदलायची नाही.”

“मग?”

“पण उस्ताद, तुम्ही जाल.”

“मी तसाही जाणारच आहे, हबीबी. तू बसलायस ना माझ्या टेबलाशेजारी.”

दोघेही हसले. ते हसणं मला तेव्हा अजिबात आवडलं नाही. तो गेल्यावर अम्मी पडदा सारून बाहेर आली.

“ऐकलंत का, तो पोरगा स्वतःहून आला होता.”

“ऐकलं.”

“परका माणूस तुमच्यासाठी करायला तयार आहे आणि तुम्ही त्याला धडा शिकवताय. एक ओळ. एका ओळीने काय बिघडणार होतं?”

“उद्या त्याला दुसरा कोणी सांगेल, एक ओळ बदल.”

“उद्याचं त्याचं तो बघेल. आपलं काय? या पोरीचं काय?”

“तिच्यासमोरच बोलतोय,” अब्बा म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी आत जाऊन दार लावून घेतलं. मला अब्बांचा राग आला होता आणि राग आला की मला मराठीही सुचत नाही आणि इंग्रजीही.

शुक्रवारी जुम्म्याहून अब्बा परत येईपर्यंत मी लिहीत बसले. बोलता येत नाही म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही. पडद्यावर एकेक पान उघडून एक्केचाळीस पानांची यादी केली. प्रत्येक पानापुढे ते कुठल्या संकेतस्थळावर आहे, कुठला शिक्का काय सांगतो, गोपनीयता कधी उठवली हे कुठल्या कोपऱ्यात छापलंय. शिक्क्यावरच्या रेघेबद्दल वेगळा परिच्छेद. खाली विद्यापीठाचा प्रकल्पाचा कागद जोडला. पंधराव्या पानाशी मी अडकले. त्या पानावर अध्यक्षांना सुचवलं होतं की निरोप नेणाऱ्याच्या हाती काहीही लिहून देऊ नये, म्हणजे वेळ पडली तर नाकारता येईल. अब्बांच्या सहीचं पान साहेबांच्या कपाटात होतं. मी ती ओळ यादीत जशीच्या तशी उतरवली आणि पुढे गेले.

अब्बांनी यादी वाचली. दोन ठिकाणी तारखेची चूक काढली. “चांगली केली आहेस,” म्हणाले आणि सवयीने तिला भोकं पाडायला उठले. मग पंचिंग मशीन हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि ते परत खणात ठेवलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला अब्बांच्या मोबाइलवरून फोन आला. मी ‘हॅलो’ म्हटलं तर पलीकडे अब्बा नव्हते.

“तू त्यांची मुलगी?” इंग्रजीत, जाड आवाजात, सावकाश. सुरक्षा ऑफिसचे साहेब होते. “ही यादी तू लिहिलीस?”

“हो, सर.”

“तुझे वडील इथे बसलेत. त्यांना बोलू नका म्हटलंय. आता तू सांग. अमेरिका स्वतःची गुपितं इंटरनेटवर ठेवते?”

अम्मी समोर उभी होती.

“खूप वर्षांनी, सर. आणि सगळी नाही.”

“कोण ठरवतं?”

“त्यांचंच एक ऑफिस आहे. ते एकेक पान बघतात. जे द्यायचं नाही त्यावर काळी पट्टी मारतात.”

पानं उलटल्याचा आवाज आला.

“सतराव्या पानावर अर्धं पान काळं आहे. खाली काय आहे?”

“मला माहीत नाही.”

“मग तू त्यावर काय लिहिणार?”

“काळं आहे, असंच लिहिणार, सर.”

पलीकडे खोकल्यासारखा आवाज आला. हसू असेल, नसेलही.

“क्यूबाच का? कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. यादीत होतं.” एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण शांतता वाढत गेली आणि मी बोलून गेले. “शेजाऱ्याशी उघड बोलता येत नसलं की माणसं कशी बोलतात, ते मला बघायचं होतं.”

त्यांनी आणखी काही पानं उलटली. मग विचारलं, “आणि हे वरचं पान? कंपनीचं. हेही इंटरनेटवरून?”

अम्मीला इंग्रजी कळतं. तिने मान हलवली, अगदी थोडी. तिला काय सुचवायचं होतं, ते मला बरोबर समजलं. ते पान मीच बनवलं, मीच चिकटवलं, असं मी म्हणू शकत होते. वीस वर्षांच्या मुलीला कोण काय करणार? पण रजिस्टर तिथेच असणार, वारस ते घेऊन बसलेला असणार, आणि अब्बा ऐकत असणार.

“नाही, सर. ते अब्बांनी लावलं. ते सगळ्यालाच लावतात. माझ्या शाळेच्या रिपोर्टवरही नंबर आहेत.”

“थांब,” ते म्हणाले. अरबीत कोणाशी तरी बोलले. वारसाचा आवाज आला, मग काहीतरी जड टेबलावर ठेवल्याचा. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

“बुधवार, बारा वाजून वीस,” साहेब पुन्हा इंग्रजीत म्हणाले. माझ्याशी की खोलीतल्यांशी, ते कळलं नाही. “गेटवर पकडलं साडेतीनला. आधी रजिस्टरमध्ये लिहायचं आणि मग चोरून न्यायचं, असा माणूस मला अजून भेटलेला नाही.” आणि मग, “ठीक आहे. खलास, संपलं.”

फोन बंद झाला. अम्मी खाली बसली, स्वयंपाकघराच्या दारातच, फरशीवर.

दुपारी अब्बा पास घेऊन आले. एक्केचाळीस पानंही दिली होती. वरचं पान ठेवून घेतलं, कारण चोरीचा संशय मिटला तरी कंपनीचा फॉर्म आणि प्रिंटर खासगी कामाला वापरल्याचं त्यांनीच लिहून कबूल केलं होतं. त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. म्हणजे ज्या ओळीने ते वाचले, तिच्याचमुळे त्यांच्या नावावर बावीस वर्षांतला पहिला शेरा बसला.

“रद्द लिहू दिलं असतंत तर?” अम्मीने विचारलं.

“तर बारा वीसची वेळही रद्द झाली असती,” अब्बा म्हणाले.

ती त्यावर भांडली नाही, पण तिला ते पटलंही नाही. अजूनही पटलेलं नाही.

सात आठवड्यांनी यादी लागली. करार न वाढवायच्या नावांत अब्बांचं नाव होतं. ज्यांना कधी ताकीद मिळाली नव्हती अशांचीही नावं होती, त्यामुळे त्या शेऱ्याने फरक पडला की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. फरक पडलाच, असं अम्मीला वाटतं. अब्बांना वाटत नाही. माझं मत मी कोणालाच सांगितलेलं नाही.

जायची तारीख परीक्षेच्या चार दिवस आधीची होती. परीक्षेला ओळख म्हणून इकामाच दाखवावा लागायचा आणि एक्झिट घेतलं की तो परत करावा लागायचा. अब्बा कोणाकडे काही मागायला गेले नाहीत. त्यांना मागता येत नाही, हे माझ्यात त्यांच्याकडूनच आलंय. अर्ज वारसाने लिहिला. काम सोपवायचं अजून पूर्ण झालेलं नाही, जुन्या नकाशांची तपासणी बाकी आहे, उस्तादांची आणखी तीन आठवडे गरज आहे, असा. मॅनेजरची सही त्यानेच आणली.

“तपासणी बाकी आहे का खरंच?” मी अब्बांना विचारलं.

“बाकी नव्हती,” ते म्हणाले. “आता काढली आहे. रोज करतोय.”

ते खरोखर रोज करत होते. सकाळी सहाला जायचे आणि झालेली तपासणी पहिल्या नकाशापासून पुन्हा करायचे, म्हणजे अर्जात लिहिलेलं खोटं ठरू नये.

मी पेपर दिले. प्रकल्पही पाठवला. शेवटच्या पेपराच्या दिवशी पर्यवेक्षकांनी माझा इकामा उलटसुलट करून पाहिला, तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी अब्बा आम्हा तिघांचे इकामे परत करायला घेऊन गेले आणि तासाभरात परत आले.

“झालं?” अम्मीने विचारलं.

“झालं.”

“काही म्हणाले?”

“नाही. यल्ला, चला म्हणाले, मागे रांग होती.”

मग आम्ही पडदे उतरवायला घेतले.